फुफ्फुसातल्या टी सेलचं कोस्टिम्युलेशन बघताय? या चुका टाळा

कोल्हापुरात आमच्या लॅबमध्ये दरवर्षी नवीन पोरं येतात, उंदरात दमा तयार करून टी सेलवर (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) आणि त्यांना जागं व्हायला लागणाऱ्या दुसऱ्या इशाऱ्यावर, म्हणजे कोस्टिम्युलेशनवर काम करायला, आणि चुका मात्र त्याच त्याच. म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

सगळ्यात जीव खाणारी चूक सीटीएलए-४ ची. सीडी२८ म्हणजे टी सेलचा अॅक्सिलरेटर आणि सीटीएलए-४ म्हणजे ब्रेक. सीडी२८ टी सेलच्या वरच असतं, साधं सरफेस स्टेनिंग (सेलला बाहेरून रंगीत अँटीबॉडी लावणं) केलं तरी दिसतं, म्हणून पोरांना वाटतं सीटीएलए-४ पण तसंच दिसणार. पण ते बहुतेक सेलच्या आत असतं, वर येतं आणि लगेच परत आत ओढलं जातं. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका पोरीनं ओव्हाल्ब्युमिन (अंड्यातलं प्रोटीन, यानंच उंदरात दमा आणतो) दिलेल्या उंदरांची फुफ्फुसं काढून रात्रभर बसून स्टेनिंग केलं, आणि फ्लो सायटोमीटरचा (रंगलेले सेल मोजायचं मशीन) स्लॉट पुण्याचाच मिळालेला म्हणून पहाटे थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून ट्यूबा मांडीवर घेऊन एसटीनं गेली. संध्याकाळी फोन, "सर, सीटीएलए-४ दिसंनाच की, तीनदा रन केलो. दम्यात ब्रेकच नसतोय वाटतं!" मी एवढंच विचारलं, पर्मिअबिलाइज (अँटीबॉडी आत शिरायला सेलच्या आवरणाला भोकं पाडणं) केलीस का? पलीकडं गप्प. किटमधली ती स्टेप वेळ वाचवायला गाळली होती, आणि त्यात दोन महिने सांभाळलेले उंदीर गेले. मला लई वाईट वाटलं, कारण पोरगी कष्टाळू आहे.

माझी सवय सांगतो. प्रत्येक वेळी त्याच उंदराच्या प्लीहेची एक ट्यूब सोबत ठेवायची आणि आधी तिच्यातले फॉक्सपी३ वाले टी-रेग (बाकीच्या टी सेलना आवरणारे टी सेल) बघायचे. त्यांच्यात सीटीएलए-४ कायम भरपूर असतं, तिथंच दिसलं नाही तर फुफ्फुसाच्या डेटाकडं बघायचंसुद्धा नाही. हे सीटीएलए-४ सीडी८० आणि सीडी८६ ला (टी सेलला जागं करणाऱ्या सेलवरची प्रोटीनं) सीडी२८ पेक्षा कितीतरी घट्ट धरतं, सीटीएलए-४ चाच तुकडा वापरणारं अॅबॅटासेप्ट औषध त्यावरच उभं आहे, मग ब्रेकच नाही असं लिहून कसं चालेल?

दुसरी चूक, फुफ्फुसात सापडला तो टी सेल फुफ्फुसातलाच असं धरून चालणं. परफ्यूजन (रक्तवाहिन्या धुऊन काढणं) कितीही नीट केलं तरी केशवाहिन्यांत रक्तातले सेल अडकून राहतातच. उंदीर मारायच्या ३ मिनिटं आधी शेपटीच्या शिरेतून रंगीत अँटी-सीडी४५ (सगळ्या पांढऱ्या पेशींना चिकटणारी अँटीबॉडी) द्या, रंगले ते रक्तातले, कोरे राहिले ते टिश्यूतले. हात बसायला वेळ लागतो पण घाई करू नका.

पीडी-१ (टी सेलवरचा आणखी एक ब्रेक) दिसलं की लगेच 'थकलेला सेल' लिहू नका, नुकत्या जाग्या झालेल्या टी सेलवर पण ते येतं.

उंदरात चाललं म्हणजे माणसात चालेल हे तर डोक्यातून काढाच. २००६ साली लंडनमध्ये टीजीएन१४१२ ही सीडी२८ वरची अँटीबॉडी ६ निरोगी माणसांना दिली, काही तासांत सहाही जणांना सायटोकाइन स्टॉर्म (प्रतिकारशक्तीचा बेफाम भडका), फुफ्फुसंसुद्धा सुटली नाहीत, आणि त्याआधी माकडांत सगळं ठीक होतं.

आणि ओव्हाल्ब्युमिन घेताना एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाचं विष) किती आहे ते विचारूनच घ्या, नाहीतर टी सेलला जागं करणाऱ्या डेंड्रिटिक सेलवरचं सीडी८६ त्यानंच वाढेल आणि तुम्ही अॅलर्जी अॅलर्जी म्हणत बसाल.