लिपस्टिकचा वेल मातीत लावू नका

माझा पहिला वेल मीच मारला. नर्सरीतून आणला तो लाल मातीत लावलेला. वर मी हौसेने दोन मुठी शेणखत घातलं. जुलैच्या झडीत आठवड्याभरात पानं पिवळी पडून गळायला लागली. कुंडी उपडी केली तर आत नुसता चिखलाचा गोळा आणि काळी पडलेली मुळं.

हा वेल मूळचा मलाया, जावा, सुमात्राकडच्या जंगलातला, आणि तिथे तो जमिनीत नाही, झाडांच्या फांद्यांवर वाढतो. आपल्याकडे सीतेची वेणी हे ऑर्किड वाढतं ना, तसाच. सासूबाई त्याला बांडगूळ म्हणतात. पण बांडगूळ झाडाचा रस ओढतं, हा फक्त बसायला जागा मागतो. मुळांना ओल हवी, पण हवाही खेळती हवी.

म्हणून माती अजिबात नाही. नारळाची सोडणं मी कोयत्याने बोटाच्या पेराएवढी तोडते आणि दोन दिवस पाण्यात ठेवते. चहासारखं लाल पाणी सुटतं, ते तीनदा तरी बदलायचं. अशा तुकड्यांचे दोन वाटे, एक वाटा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक वाटा परलाइट (पांढरे हलके खडे) आणि मूठभर कोळसा. कोळसा आमच्या इस्त्रीवाल्याकडून मागून आणते, न पेटवलेला, राख नको. सहा इंची टांगती कुंडी पुरते. मोठी घेऊ नका, मुळं जरा दाटीत असली की फुलं जास्त येतात.

आमची मुलुंडची गॅलरी पूर्वेला आहे. सकाळचं कोवळं ऊन नऊपर्यंत मिळतं, मग दिवसभर नुसता उजेड. दुपारचं ऊन लागलं की पानं करपतात, आणि अंधाऱ्या पॅसेजमध्ये वेल हातभर वाढतो पण एक फूल देत नाही.

पाणी वरून ओतायचं मी सोडलं, कारण खालच्या मजल्यावरच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे भिजायचे आणि मग जिन्यात गाठ पडली की ऐकून घ्यावं लागायचं. आता बोट पेरभर खुपसून बघते. कोरडं लागलं तरच कुंडी काढून दहा मिनिटं बादलीत बुडवायची, बाथरूममध्ये निथळू द्यायची, मग परत हुकाला. उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी. पावसाळ्यात कुंडी ग्रिलमधून आत घ्या, मुंबईच्या हवेतली ओल त्याला पुष्कळ होते. डिसेंबर-जानेवारीत पाणी आणखी कमी करते. त्या कोरड्या, गार दिवसांनंतरच माझ्याकडे कळ्या धरतात.

कळी जवळून बघा. आधी काळपट तपकिरी नळी येते, मग तिच्या तोंडातून लालभडक टोक वर सरकतं, हुबेहूब फिरवून वर काढलेली लिपस्टिक! शास्त्रीय नाव एस्किनँथस, म्हणजे ग्रीकमध्ये लाजरं फूल. एवढा भडक रंग लावून लाजतंय कसलं!

फुलं फांदीच्या टोकांना येतात, तेव्हा बहराआधी कात्री लावू नका. बहर ओसरला की लांब फांद्या खुशाल निम्म्यावर आणा. कापलेल्या तुकड्यांमधले वीतभर घ्या, खालची पानं काढा आणि त्याच मिश्रणात चार-पाच एकत्र खोचा. महिन्याभरात मुळं धरतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा मिलीबग दिसला तर कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण पाण्यात घुसळून संध्याकाळी फवारा.

खालच्या काकूंनाही यंदा एक कुंडी दिली. आता त्याच विचारतात, "कधी गं फुलणार?"