तुर्की पेशकीरच्या काठावरील दुहेरी भरत

उस्मानी काळातील तुर्की घरांत जेवणाच्या वेळी पाहुण्यांच्या हातांवर पाणी घातले जाई आणि हात पुसण्यासाठी पेशकीर, म्हणजे लांबट, अरुंद सुती किंवा लिननचा रुमाल दिला जाई. त्याची दोन्ही टोके रेशमाने आणि जरीने भरलेली असत. इंग्रज लेखिका लेडी मेरी वर्टली माँटेग्यू यांनी 1718 मध्ये इस्तंबूलहून लिहिलेल्या पत्रात असे मौल्यवान रुमाल वापरताना आपला जीव हळहळल्याचे नोंदवले आहे. रुमाल वापरताना त्याची उलटी बाजूही दिसते, म्हणून या भरतात दोन्ही बाजू सारख्याच सुबक असाव्या लागतात. धारवाडकडची कसुती पाहिलेल्यांना ही शिस्त ओळखीची वाटेल.

हे भरत स्वतः करायचे तर कापड असे निवडावे की त्याचे उभे-आडवे धागे डोळ्यांना सहज मोजता येतील आणि सेंटिमीटरमध्ये दोन्हीकडे सारखेच भरतील. बोथट टोकाची सुई आणि पीळ नसलेले रेशीम घ्यावे, कारण पीळदार दोऱ्याला ती मऊ चमक येत नाही. गाठ मुळीच मारू नये. सुरुवातीचे टोक मोकळे ठेवून नंतर ते टाक्यांखाली जिरवावे.

पाकळी भरण्यासाठी ‘पेसेंत’ हा टाका घ्यावा. कापडाच्या एका ओळीत सुई तीन धाग्यांवरून आणि तीन धाग्यांखालून नेत पाकळीच्या कडेपर्यंत जावे, तेथून त्याच ओळीने परत फिरावे आणि जाताना सुटलेल्या जागा भरून काढाव्यात, म्हणजे दोन्ही बाजूंना रेशमाची सलग रेघ उमटते. पुढची ओळ पहिलीला चिकटून, त्याच मोजणीने घेतली तर सरळ पेसेंत होतो. प्रत्येक ओळीत टाका एकेक धागा पुढे सरकवला तर तिरका. मला तिरकाच अधिक आवडतो, कारण वळणदार पाकळीवर प्रकाश पडला की त्यातील तिरप्या रेषा उठून दिसतात. येथे घाई करू नये: एक धागा चुकला की पुढच्या सगळ्या ओळी बिघडतात, म्हणून प्रत्येक ओळ संपताच कापड उलटून पाहावे. देठासाठी ये-जा करणारा धावदोरा पुरतो.

जुना पेशकीर हाती आला तर तो धुऊ नये. काळ्या-तपकिरी बाह्यरेषांचे रेशीम पुष्कळदा लोहयुक्त रंगाने कुजून ठिसूळ झालेले असते, रंग फुटण्याची भीती असते आणि धातूची जरही पाण्याने खराब होते. तो घड्या न घालता, आम्लरहित कागदात गुंडाळून अंधारात ठेवावा.