हापूसची जाहिरात: गूगलवर बोली किती लावावी?

सीझन तोंडावर आला की देवगड-रत्नागिरीकडच्या बागायतदारांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, गूगलवर आपण एक नंबरला दिसायला किती पैसे लागतील?" मी पुण्यात बसून त्यांच्या जाहिराती सांभाळते. त्यांना माझं सांगणं एकच असतं: आधी एका क्लिकला आपल्याला किती परवडतं ते काढू, नंबर त्यावरून ठरेल.

आधी वर-खाली कसं ठरतं ते बघू. कोणी 'देवगड हापूस पुणे' असं शोधलं की त्याच क्षणी लिलाव होतो आणि प्रत्येक शोधाला तो नव्याने होतो. बोली म्हणजे एका क्लिकला आपण जास्तीत जास्त किती द्यायला तयार आहोत तो आकडा. लिलाव म्हटलं की जास्त बोली त्याचा माल, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. गूगल मात्र बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जाही मोजतं. समजा, एकाने २० रुपये बोली लावली आणि त्याचा दर्जा ४ आहे, गुणाकार ८०. दुसऱ्याची बोली १२, दर्जा ८, गुणाकार ९६. तिसऱ्याची बोली ८, दर्जा ६; गुणाकार ४८. वर कोण? १२ रुपयेवाला. आणि तो १२ रुपये भरतही नाही. खालच्याच्या ८० च्या वर राहण्यापुरतेच त्याला द्यावे लागतात, म्हणजे ८० भागिले ८, साधारण १० रुपये. दुसऱ्या नंबरवाला ४८ भागिले ४, म्हणजे १२ रुपये मोजतो. खाली दिसूनही क्लिक महाग!

प्रत्यक्षातलं गणित याहून गुंतागुंतीचं असतं. माणूस कुठून शोधतोय, मोबाइलवर आहे का, जाहिरातीला फोन नंबर किंवा जादा लिंक जोडल्या आहेत का, हे सगळं त्यात येतं. शिवाय किमान पात्रतेची एक रेषा असते. ती ओलांडली नाही तर समोर स्पर्धक नसला तरी जाहिरात वर येत नाही. खात्यात १ ते १० मध्ये दिसणारा क्वालिटी स्कोअर हा फक्त अंदाज द्यायला आहे, लिलावात तो आकडा जसाच्या तसा वापरत नाहीत. पण दुखतंय कुठे, ते तो बरोबर सांगतो. त्याखाली तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: लोक क्लिक करतील याची शक्यता, शोधाशी जाहिरातीचा मेळ आणि क्लिकनंतर उघडणारं पान. प्रत्येकीपुढे सरासरीपेक्षा कमी, सरासरी किंवा सरासरीपेक्षा जास्त असा शेरा असतो.

आंब्यावाल्यांचं घोडं बहुतेक वेळा तिसऱ्या गोष्टीवर अडतं. जाहिरातीत 'पाच डझनची पेटी, पुण्यात घरपोच' लिहिलेलं असतं आणि क्लिक केल्यावर उघडतं मुखपृष्ठ: बागेचा भला मोठा फोटो, तो उतरायलाच वेळ, मग आजोबांपासूनचा इतिहास. भाव कुठेच नाही. अशा वेळी बोली वाढवण्याआधी पेटीचं वेगळं पान करा. वरच भाव, फळाचं वजन, कोणत्या तारखेला मिळेल आणि ऑर्डरचं बटण. जाहिरातीतले शब्द पानावर तसेच दिसू द्या.

आता बोलीचा हिशेब. वहीच घ्या. समजा फळ, पेटी, पेंढा, वाहतूक सगळं वजा जाता एका पेटीमागे ३०० रुपये उरतात आणि शंभर क्लिकमागे चार ऑर्डर येतात. म्हणजे शंभर क्लिकची कमाई १२०० रुपये, एका क्लिकची १२. गूगलच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. ताजा आंबा जीएसटीमुक्त असल्यामुळे तो कर आपल्याला वळता करून घेता येत नाही. म्हणून १२ भागिले १.१८ करा, जेमतेम १० रुपये. याच्या वर गेलात की पदरचे जाणार. नफा हवा असेल तर बोली याच्या खालीच हवी.

यातही एक जागा फसवी आहे, ती नीट समजून घ्या. सरासरी ७ रुपयांनी शंभर क्लिक मिळताहेत, खर्च ७००. वरचा नंबर मिळावा म्हणून बोली वाढवली. क्लिक झाले ११५, सरासरी पडली ९ रुपये, खर्च १०३५. नऊ तर दहाच्या आत आहेत, मग बिघडलं कुठे? फक्त वाढीव क्लिक बघा: १५ क्लिकसाठी ३३५ रुपये, म्हणजे एकेक क्लिक २२ रुपयांच्या वर. आधीच्या शंभर क्लिकनाही आता जास्त पैसे पडले, म्हणून असं होतं. बोली वाढवायची की नाही हे सरासरीवरून ठरवू नका, वाढीव क्लिक काय भावाने पडले त्यावरून ठरवा.

आपण कुठे दिसतो हे बघायला स्वतःच गूगलवर शोधत बसू नका. जाहिरात दिसते, तुम्ही क्लिक करत नाही आणि क्लिकचं प्रमाण उगीच घसरतं. खात्यातच 'अ‍ॅड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस' आहे, ते वापरा. पूर्वीचा 'सरासरी पोझिशन'चा रकाना गूगलने सप्टेंबर २०१९ मध्ये काढून टाकला. आता 'टॉप' आणि 'अ‍ॅब्सोल्यूट टॉप' इम्प्रेशनचं, म्हणजे जाहिरात दिसण्याचं, प्रमाण बघायचं. पहिलं म्हणजे वरच्या गटात कितीदा आलात, दुसरं म्हणजे अगदी पहिल्या जागी कितीदा. त्यांच्याजवळच हुकलेल्या इम्प्रेशनचे दोन रकाने असतात. बजेटमुळे जास्त हुकत असतील तर बोली वाढवून उपयोग नाही, उलट पैसे दुपारीच संपतील. तिथे बोली थोडी उतरवली तर त्याच पैशात जास्त क्लिक मिळू शकतात. रँकमुळे, म्हणजे बोली आणि दर्जाच्या गणितात मागे पडल्यामुळे, हुकत असतील तर आधी पान आणि मजकूर, मग बोली.

निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसायला नको ते शब्द, पहिल्या दिवशीच भरा: कलम, रोपं, रेसिपी, बाजारभाव. 'हापूस आजचा भाव वाशी' शोधणाऱ्याला बहुधा पेटी घ्यायची नसते. लोकेशनमध्ये 'त्या भागात असलेले लोक' एवढंच निवडा, नाहीतर पुण्यात फक्त रस असलेले बाहेरगावचे लोकही क्लिक करतील.

नव्या खात्याला मी 'मॅक्सिमाइज क्लिक्स' लावते, म्हणजे बजेटमध्ये जास्तीत जास्त क्लिक मिळतील अशी बोली गूगलच लावतं, पण एका क्लिकच्या बोलीला कमाल मर्यादा घालूनच. ठरावीक जागी दिसण्यासाठी गूगलच बोली लावतं त्या 'टार्गेट इम्प्रेशन शेअर'मध्ये पहिली जागा मागितली तर तिथेही कमाल बोली भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑर्डरवर चालणारी स्वयंचलित बोली चांगली आहे, पण गूगलला ऑर्डर दिसल्या पाहिजेत. आपल्या निम्म्या ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर आणि फोनवर येतात. किमान व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणावरचे क्लिक मोजायची सोय करा आणि कोणती ऑर्डर जाहिरातीवरून आली ते विचारून वहीत लिहा.

रोजचं बजेट ५०० ठेवलं तर एखाद्या दिवशी हजारही जाऊ शकतात, घाबरू नका; महिन्याची मर्यादा ३०.४ पट, म्हणजे १५,२०० च्या वर जात नाही. बोली बदलली की चार-पाच दिवस हात लावू नका. आणि बागेतला माल संपत आला की त्याच संध्याकाळी जाहिरात थांबवा. 'स्टॉक संपला' लिहिलेल्या पानावर आलेल्या क्लिकचेही पैसे लागतात.