नॉर्दर्न लाइट्सची तालीम साताऱ्यात

नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे अरोरा, बघायला नॉर्वेतल्या ट्रॉम्सोचं तिकीट काढलंय? मग जाण्याआधी दोन-तीन रात्री यवतेश्वरच्या पुढं, गावाचे दिवे मागं पडतील अशा जागी ट्रायपॉड लावा. अरोरा इथं दिसणार नाही, पण तिथं फोटो बिघडतात ते बहुतेक फोकसमुळे, आणि तो सराव इथं फुकटात होतो.

अंधारात ऑटोफोकस नुसता घरघरतो. तो बंद करा. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर, एखादा तेजस्वी तारा दहापट मोठा करा आणि लेन्सची फोकस रिंग अगदी हळू फिरवा. ठिपका बारीक होत जातो, मग पुन्हा फुगायला लागतो. बारीक होता तिथं परत या आणि रिंगवर चिकटपट्टी लावून टाका. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भिस्त ठेवू नका, ती बऱ्याचदा थोडी चुकलेली असते. तारा मात्र ब्रह्महृदय (कॅपेला) घ्या. आपल्याकडे व्याध (सिरियस) जास्त ठसठशीत, पण ट्रॉम्सोला तो जेमतेम क्षितिजावर डोकावतो. ब्रह्महृदय तिथं मावळतच नाही.

हे सगळं हातमोजे घालूनच करायचं. साताऱ्याच्या थंडीत येड्यासारखं वाटेल, वाटू दे.

तिथं सुरुवातीला लेन्सचं छिद्र एफ २.८, संवेदनशीलता आयएसओ १६००, शटर ६ सेकंद उघडं. अरोरा झपझप नाचायला लागला की २-३ सेकंदांवर या, नाहीतर प्रकाशाच्या पडद्याच्या चुण्या पुसून नुसता हिरवा लपका उरतो.

जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. आणि खोलीत शिरण्याआधी, बाहेरच, कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा. तासभर उघडायचा नाही, नाहीतर उबेत त्याच्यावर दव धरतं. कार्ड आधीच काढून घ्या, म्हणजे धीर धरवेल.