क्लबमध्ये नवे आहात? आधी ३० जून समजून घ्या

पिन लागली, फोटो झाले, ग्रुपवर दिवसभर अभिनंदनाचे मेसेज आले. आणि पुढच्या मीटिंगला गेल्यावर कुणाशी काय बोलायचं इथपासून अडायला होतं. तालुक्याच्या गावातल्या रोटरी क्लबमध्ये नव्याने आलेल्या बहुतेकांचं असंच होतं, माझंही झालं. माझं मेडिकल स्टोअर आहे. शटर ओढून धावतपळत मीटिंगला पोचायचं, तर समोर सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे. पीपी, एजी, डीजी व्हिजिट, टीआरएफ असे शब्द कानांवरून जात राहतात आणि विचारायचा संकोच वाटतो. विचारा. पीपी म्हणजे माजी अध्यक्ष, डीजी म्हणजे डिस्ट्रिक्टचे, म्हणजे आसपासच्या अनेक क्लबांच्या गटाचे, गव्हर्नर, एजी म्हणजे त्यांचे सहायक, टीआरएफ म्हणजे रोटरी फाउंडेशन, देणग्यांतून कामांना पैसे देणारी रोटरीची संस्था. बाकीचं दोनेक महिन्यांत आपोआप कळतं.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. डिस्ट्रिक्टकडून येणारी पत्रं इंग्रजीत असतात, पण आपल्याकडच्या मीटिंगा मराठीतच होतात आणि चांगलं काम करणारे निम्मे लोक माइकसमोर उभेच राहत नाहीत. हजेरीचंही दडपण नको. २०१६ नंतर नियम बरेच सैल झाले. क्लबने महिन्यातून किमान दोनदा भेटावं एवढी अपेक्षा, पुढचं क्लबच्या उपनियमांवर. ते उपनियम सेक्रेटरींकडून मागून घ्या आणि एकदा शांतपणे वाचा. वर्गणी कधी, किती आणि त्यात जेवणाचा खर्च धरलाय की नाही, हेही त्याच वेळी विचारा. १९०५, शिकागो, संस्थापक पॉल हॅरिस हे सगळं तुम्हाला ओरिएंटेशनमध्ये सांगून झालेलं असणार, त्यात मी वेळ घालवत नाही.

तिथे जे सांगत नाहीत ते लिहिते. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण या तारखेचा तुमच्या स्वतःच्या पैशांशी काय संबंध, ते कुणी बोलत नाही.

अध्यक्ष, सेक्रेटरी, ट्रेझरर, संचालक मंडळ सगळं एका रात्रीत बदलतं. एप्रिलपासून मावळत्या टीमची धावपळ सुरू होते. राहिलेली कामं उरकायची असतात, डिस्ट्रिक्टच्या पुरस्कारांसाठी रिपोर्ट पाठवायचे असतात. अशा वेळी नवा सदस्य सगळ्यांनाच हवा असतो, कारण तो उत्साही असतो आणि नाही म्हणत नाही. "तुम्ही करा हो, खर्चाचं बघून घेऊ." हे वाक्य तुमच्या कानावर येणार म्हणजे येणारच. म्हणणारा लबाड नसतो, अगदी मनापासून बोलत असतो. पण तो अध्यक्ष ३० जूनपर्यंतच असतो.

आमच्या क्लबचं रक्तदान शिबिर मे महिन्यात होतं. सुट्ट्यांमुळे तेव्हा रक्ताचा तुटवडा असतो, म्हणून वेळ योग्यच. मला नोंदणीच्या टेबलावर बसवलं होतं. शेजारी रक्तपेढीची टेक्निशियन बोटातून एक थेंब घ्यायची आणि मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडायची. थेंब झरझर खाली गेला तर हिमोग्लोबिन पुरेसं, म्हणजे १२.५ च्या वर. वरच घुटमळला तर रक्त देता येत नाही. कॉलेजच्या मुली नटूनथटून, मैत्रिणींना घेऊन आल्या होत्या आणि एकीमागून एकीचा थेंब वरच राहत होता. हिरमुसून परत चाललेल्या त्या मुलींच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला जात होता, बाकी काही नाही. मी औषधं विकणारी बाई, मला ते बघवेना. याच मुलींसाठी कॉलेज उघडलं की हिमोग्लोबिन तपासणी करायची, लोहाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांकडून समजावून सांगायचं, असं मी मीटिंगमध्ये मांडलं. टाळ्या पडल्या. "लगेच करून टाका, जूनमध्येच होऊ द्या," असं सांगण्यात आलं.

केलं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात. स्ट्रिप्स, टेक्निशियनचं मानधन, छापील कार्डं, नाश्ता, सगळं माझ्या खिशातून. रक्कम फार मोठी नव्हती, माझ्या दुकानाच्या एका महिन्याच्या भाड्याएवढी. जुलैत बिलं घेऊन गेले तर नवे ट्रेझरर म्हणाले, गेल्या वर्षीचा हिशेब बंद करून ऑडिटला दिला. जुने अध्यक्ष म्हणाले, आता नव्या टीमशी बोला. त्यात स्ट्रिप्स मी माझ्या स्टॉकिस्टकडून स्वस्तात आणल्या होत्या, त्यामुळे बिल माझ्या दुकानाच्या नावावर, माझ्या जीएसटी नंबरवर. ते क्लबचा खर्च म्हणून दाखवताच येईना. भरीला बँक. दरवर्षी जुलैत खात्यावरच्या सह्या बदलतात. ठरावाची प्रत, नव्या पदाधिकाऱ्यांची केवायसी हे पूर्ण होईपर्यंत काही आठवडे चेकच निघत नाही. थोडे पैसे दिवाळीनंतर मिळाले. उरलेले आलेच नाहीत.

पैशांपेक्षा जास्त लागलं ते विचारावं लागण्याचं. दुसऱ्यांदा विषय काढला तेव्हा टेबलावरचे लोक जे गप्प झाले, त्याने मला माझ्याच चांगल्या कामाची लाज वाटायला लागली. त्या पावसाळ्यात राजीनाम्याचा मेसेज टाइप करून ठेवला होता. आमच्या भागातले असे कितीतरी जण मला माहीत आहेत की जे याच कारणाने दुसऱ्या वर्षी गळाले, आणि क्लबच्या लेखी त्यांना "वेळ मिळत नव्हता".

म्हणून कंटाळा येईपर्यंत सांगते. खिशात हात घालण्याआधी तो खर्च बोर्ड मीटिंगच्या इतिवृत्तात आलेला असला पाहिजे. कामाचं नाव, रकमेची मर्यादा, तारीख. इतिवृत्त लगेच मिळत नसेल तर सेक्रेटरींना एक साधा मेसेज टाका: "आज ठरल्याप्रमाणे अमुक कामासाठी अमुक रकमेपर्यंत खर्च मंजूर, बरोबर ना?" उत्तरात "हो" आलं की त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. शक्य असेल तिथे पैसे देऊच नका, दुकानदाराला क्लबच्या खात्यातून परस्पर चेक द्यायला लावा. अगदी द्यावेच लागले तर बिल पहिल्यापासून क्लबच्या किंवा क्लबच्या ट्रस्टच्या नावाने करून घ्या. दोन्हींपैकी कोणत्या, हे ट्रेझररना विचारून, कारण ट्रस्टचं खातं वेगळं, क्लबचं वेगळं, आणि वर्गणीचे पैसे नि प्रकल्पांचे पैसे एकत्र करता येत नाहीत. तुमचं स्वतःचं दुकान असेल तर त्यातून माल देताना दुप्पट काळजी घ्या. आणि १५ जूननंतर कुणी कितीही गळ घातली तरी नवा खर्च अंगावर घेऊ नका. "जुलैत नव्या बोर्डाकडून मंजूर करून घेऊन करते," एवढं म्हणा. काम महिनाभर उशिरा झाल्याने कुणाचं बिघडत नाही.

"सेवेत कसला हिशेब," असं म्हणणारे भेटतील. त्यांचं मनावर घेऊ नका. आपण मीटिंगमध्ये जी चतुर्विध कसोटी, म्हणजे स्वतःला विचारायचे चार प्रश्न, म्हणतो ती हर्बर्ट टेलर यांनी १९३२ साली लिहिली, दिवाळखोरीच्या कडेला आलेली कंपनी सावरताना. रोजच्या व्यवहारासाठीच ती जन्माला आली. "सर्व संबंधितांना न्याय्य आहे का?" या प्रश्नात नवा सदस्यही येतो. ज्याला दान द्यायचंय त्याने दान द्यावं, पावती घ्यावी. दोन हजारांच्या वर रोख देऊ नका, त्यावर करसवलत मिळत नाही. पण दान वेगळं आणि क्लबसाठी केलेला खर्च वेगळा, ही सरमिसळ तुमच्या नकळत होऊ देऊ नका.

आता जरा धीर देते, कारण एवढं वाचून कुणी मागे फिरावं असं मला अजिबात वाटत नाही. पुढच्या वर्षी तीच तपासणी रीतसर मंजुरी घेऊन केली आणि खर्चाचा एक रुपयाही अडला नाही. माणसं तीच होती. कागद झाला की तीच माणसं नीट वागतात.

गुरू कुणाला करायचं याबद्दल माझं मत पक्कं आहे. ज्यांनी तुम्हाला क्लबमध्ये आणलं ते सहसा तुमचे गुरू होत नाहीत. त्यांचं काम तुमचं नाव सुचवण्यापुरतं असतं, आणि त्यांना पुढच्या सदस्याचं नावही सुचवायचं असतं. स्टेजवर छान बोलणाऱ्या ज्येष्ठांच्या मागेही लागू नका. ज्या माणसाकडे जुन्या बिलांच्या फायली सापडतात, जो कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या मोजून परत पाठवतो, त्याला धरा. मला क्लब कळला तो एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याकडून. ते कधी अध्यक्ष झाले नाहीत, होणारही नाहीत. कोणत्या शाळेचे मुख्याध्यापक फोन उचलतात, कोणत्या गावात सरपंचांना आधी भेटावं लागतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे.

पहिल्या वर्षी पद घेऊ नका. "नवीन आहे, तरुण आहे, सेक्रेटरी करा" ही आपल्याकडची जुनी खोड आहे. नकार दिल्याने कुणी दुखावत नाही, आणि दुखावलंच तर आठवड्यात विसरतं. पॉल हॅरिस फेलो या सन्मानासाठी फाउंडेशनला एक हजार डॉलर द्यायचा आग्रहही लवकरच होईल. ते पैसे सत्कारणी लागतात, वार्षिक निधीला दिलेल्यातला जवळपास निम्मा भाग तीन वर्षांनी आपल्याच डिस्ट्रिक्टच्या कामांसाठी परत येतो. ऐपत असेल तर जरूर द्या. पण पिन लावली म्हणजे क्लब समजला असं होत नाही. आधी काम बघा, मग द्या. ग्लोबल ग्रँटचं, म्हणजे फाउंडेशनच्या मोठ्या अनुदानाचंही तसंच. किमान तीस हजार डॉलरचा प्रकल्प, परदेशातला भागीदार क्लब, आधी गावाच्या गरजेची पाहणी, हे पहिल्या वर्षी झेपणारं नाही. अनुभवी लोकांसोबत फायलीवर बसा, शिकायला भरपूर मिळेल.

काम निवडताना माझी एकच कसोटी आहे: ते ३० जूननंतर कोण बघणार? जिल्हा परिषदेच्या शाळेत पाण्याचा आरओ बसवला, फीत कापली, बोर्ड लागला. मग फिल्टर बदलायचे पैसे कुणी द्यायचे, लाइट बिल कुणाचं, सुट्टीत चावी कुणाकडे, हे ठरलेलंच नसतं. पुढच्या दिवाळीपर्यंत त्या यंत्रावर वह्यांचे गठ्ठे दिसतात आणि मुलं परत हातपंपावर. नव्या सदस्याने नवा आरओ बसवण्यापेक्षा आधीच्या चार शाळांचे आरओ चालू आहेत का हे बघून यावं, यादी करावी, बोर्डासमोर ठेवावी. फोटो नीट येत नाही अशा कामाचा, पण तुमचं क्लबमधलं स्थान यानेच पक्कं होतं.

रोटरीने पोलिओचं काम १९८५ मध्ये हातात घेतलं. भारतातला शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला, पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र २०१४ मध्ये आलं. मधल्या काळात कितीतरी अध्यक्ष आले आणि गेले. घरात कुणी "तिथे नुसती जेवणं होतात" म्हणालं तर हे सांगा.

बायकांसाठी दोन शब्द जास्तीचे. १९८९ साली रोटरीची दारं जगभर आपल्याला उघडली, तरी रांगोळी, स्वागत आणि सूत्रसंचालन आपल्याकडेच येतं. आवडत असेल तर करा, नाहीतर पहिल्याच वेळी सांगा की मला प्रकल्प समितीत किंवा हिशेबाच्या कामात घ्या. उशिरा सांगितलं तर तोवर सगळ्यांना सवय झालेली असते.

आणि इतकं करूनही नाहीच जमलं तर सोडता येतं, त्यात कमीपणा नाही. मात्र वेळ बघून सोडा. १ जानेवारी आणि १ जुलैला जेवढी सदस्यसंख्या नोंदलेली असते, तेवढ्यांचं शुल्क क्लबला वर रोटरी इंटरनॅशनलकडे भरावं लागतं. डिसेंबरच्या किंवा जूनच्या मध्यापर्यंत लेखी कळवलंत तर तुमचा भार क्लबवर पडत नाही. सोडण्याआधी जवळच्या दुसऱ्या क्लबच्या दोन मीटिंगा बघून या. कधी वार आणि वेळ बदलली तरी सगळं जमून जातं. तिकडे जायचं ठरलं तर आधीच्या क्लबचं देणं बाकी नसल्याचं पत्र लागतं. ते मागायला जाल तेव्हा क्लबकडून तुमचं काही येणं असेल तर त्याचा कागदही सोबत न्या.