लाइव्ह सीडीनंतर अडलेला संगणक : माझा अनुभव
घरच्या जुन्या संगणकावर उबुंटू या लिनक्स प्रणालीची लाइव्ह सीडी (इन्स्टॉल न करता थेट सीडीवरून चालणारी प्रणाली) लावून, डिस्कचे भाग पाडणाऱ्या जी-पार्टेड या प्रोग्रॅमने मी एक रिकामे लॉजिकल पार्टिशन (मोठ्या भागाच्या आत पाडलेला डिस्कचा उपभाग) काढून टाकले आणि सीडी बाहेर काढून संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा काळ्या पडद्यावर ‘नो सच पार्टिशन’ आणि त्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच उमटले. ग्रब म्हणजे संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम लोड करणारा प्रोग्रॅम. वर्षानुवर्षांचे फोटो गेले, या भीतीने माझ्या पोटात गोळाच आला.

डेटा मात्र जागेवरच होता. एमबीआर (पार्टिशनांची नोंद ठेवण्याची जुनी रीत) पद्धतीच्या डिस्कवर लॉजिकल पार्टिशनांचे क्रमांक ५ पासून सुरू होतात आणि त्यांतले एक काढले की पुढच्यांचे क्रमांक एकाने खाली सरकतात. ग्रब आपल्या फाइली जुन्या, सहाव्या क्रमांकावरच शोधत होता. पार्टिशन आणि त्यांतल्या फाइली दाखवणारी ‘एलएस’ ही आज्ञा देऊन एकेक पार्टिशन तपासले, तेव्हा पाचव्यात बूट फोल्डर सापडले. ‘सेट’ आज्ञेने रूट (कोणते पार्टिशन वापरायचे) आणि प्रीफिक्स (ग्रबच्या फाइलींचा पत्ता) तिकडे वळवून ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि मग ‘नॉर्मल’ असे टंकताच ऑपरेटिंग सिस्टिम निवडण्याची नेहमीची यादी समोर आली.

ही दुरुस्ती तेवढ्या वेळेपुरतीच टिकते, म्हणून लिनक्समध्ये शिरल्याबरोबर टर्मिनलवर ‘ग्रब-इन्स्टॉल’ ही आज्ञा संपूर्ण डिस्कवर, म्हणजे ‘एसडीए’वर (हे लिनक्समधले माझ्या डिस्कचे नाव; ‘एसडीए ५’ या तिच्या पाचव्या पार्टिशनवर नव्हे), आणि त्यानंतर ‘अपडेट-ग्रब’ चालवली. पुढच्या वेळी संगणक विनाअडथळा सुरू झाला.