जुन्या केसपेपरवर ‘समलैंगिकता’ हे निदान दिसलं तर ते कसं वाचायचं

आधी तारीख बघा, मग निदानाचा आकडा, म्हणजे आजारांच्या अधिकृत यादीतला त्याचा क्रमांक. ३०२.० किंवा एफ६६.१ दिसलं की घरात धास्ती शिरते, पण त्या आकड्याचा अर्थ त्या वर्षी कुठली यादी चालू होती त्यावर ठरतो.

३०२.० म्हणजे थेट ‘समलैंगिकता’. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या १९६८च्या यादीत तो होता आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या, म्हणजे आयसीडीच्या, नवव्या आवृत्तीतही होता. अमेरिकी संघटनेनं डिसेंबर १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेनं मात्र १७ मे १९९० पर्यंत ठेवली. म्हणून १९८५च्या कागदावर हा आकडा दिसला तर तो यादीचा दोष समजा, माणसाचा नव्हे.

हा दोष यादीत शिरला कसा? डॉक्टर फक्त दवाखान्यात किंवा तुरुंगात आलेल्यांना पाहत आणि त्यावरून सगळ्यांबद्दल अनुमान काढत. १९५७ मध्ये मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हुकर यांनी उपचार न घेणारे ३० समलैंगिक आणि ३० इतर पुरुष घेतले, शाईच्या डागांच्या चाचणीसारख्या चाचण्या केल्या आणि नावं झाकून निकाल तज्ज्ञांपुढे ठेवले. कोण समलैंगिक, हे तज्ज्ञांना सांगता आलं नाही. तरीही विजेचे झटके आणि ओकारीची औषधं देऊन ‘सुधारणं’ पुढे वर्षानुवर्षं चाललं.

एफ६६.१ जास्त फसवा आहे. आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीत त्याचा अर्थ असा: आपली लैंगिक ओढ वेगळी असती तर बरं, असं त्या व्यक्तीला वाटतं आणि त्याचा त्रास होतो. त्याच पानावर लिहिलंय की लैंगिक ओढ हा स्वतः विकार नाही. चूक व्हायची ती इथे. त्रास यायचा लग्नाच्या तगाद्यातून, मारहाणीतून, लाजेतून, आणि उपचार व्हायचा ओढीवर. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत हा आकडा उरलेला नाही. पारलिंगी व्यक्तींचा एफ६४.० मात्र पुरता न काढता नव्या रूपात, एचए६० म्हणून, मानसिक विकारांतून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेला, म्हणजे हार्मोन किंवा शस्त्रक्रिया हवी असेल त्यांची वाट बंद होऊ नये.

त्याच कागदावर एफ३२ (नैराश्य) किंवा एफ४१ (चिंता) असेल तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. हे त्रास खरे असतात, उपचारानं कमी होतात. जुनं निदान चुकीचं निघालं म्हणून चालू गोळ्या मनानं थांबवू नका. काही एकदम सोडल्या तर त्रास उलटतो. नव्या मानसोपचारतज्ज्ञाला कागद दाखवा आणि सरळ विचारा: ‘तुम्ही नैराश्यावर उपचार करणार की ओढ बदलायला?’ उत्तर गोलमोल आलं तर उठून या.

रुग्णालयात भरती झाला असाल तर कागदांची प्रत लेखी मागा. २००२च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार ती ७२ तासांत द्यावी लागते. पण नोंदी जपण्याची सक्ती उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांचीच आहे, तेव्हा उशीर नको.

कुणी आज ‘बरं करतो’ म्हणालं तर दोन गोष्टी हाताशी ठेवा. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम ३: समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक चौकटीत बसत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. आणि २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयातल्या प्रकरणानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ओढ बदलण्याचे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं आहे.

तक्रार कुठे करायची ते पदवीवर ठरतं. एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरची तक्रार महाराष्ट्रात महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, गोव्यात गोवा वैद्यक परिषदेकडे. होमिओपॅथची त्यांच्या वेगळ्या परिषदेकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे. म्हणून चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि फीची पावती जपून ठेवा. चिठ्ठीच दिली नसेल तर त्याच दिवशी घरी आल्यावर जे बोलणं झालं ते शब्दशः लिहून काढा.